हाती मोबाईल, गाठी आरोग्यज्ञान
(बीड जिल्ह्यातील ऊसतोड भगिनींच्या संदर्भात एक अभ्यास)

बालाघाटच्या डोंगररांगांनी बीड जिल्ह्याचे ढोबळमानाने दोन भाग केले आहेत. उत्तरेला गोदावरीकाठची गेवराई, माजलगावची काळी, सखल जमीन आहे. तर दक्षिणेकडील आष्टी, पाटोदा, धारूर, केज या भागांत उंचवट्याची, हलकी आणि पावसाच्या लहरीवर अवलंबून असलेली शेती आहे. खरिपाचे पीक घरात आले की या भागातील असंख्य कुटुंबांपुढे पुढील सहा महिन्यांच्या पोटापाण्याचा प्रश्न उभा राहतो. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी बिऱ्हाडे निघतात आणि पश्चिम महाराष्ट्रातील व सीमेपलीकडील कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या परिसरात उसाच्या फडांजवळ त्यांच्या कोप्या उभ्या राहतात. ही माणसे परत गावी येतात, ती उन्हाळ्याच्या तोंडी.

या बिऱ्हाडांच्या सामानात पूर्वी भांडी, धान्याची पोती, पांघरुणे आणि कोयते एवढेच असे. आता त्यात आणखी एका वस्तूची भर पडली आहे. ती वस्तू म्हणजे मोबाईल फोन. गावचे आरोग्य उपकेंद्र, ओळखीची आशा ताई, अंगणवाडी, रेशनचे दुकान हे सारे मागे राहते. फोन मात्र बरोबर जातो. म्हणूनच रुग्णांची आरोग्यविषयक जाण वाढविण्यासाठी मोबाईलचा उपयोग कसा करता येईल, हा प्रश्न बीड जिल्ह्यापुरता तरी केवळ तंत्रज्ञानाचा राहत नाही. तो हजारो स्त्रियांच्या शरीराशी आणि आयुष्याशी निगडित असा प्रश्न आहे.

आरोग्य-साक्षरता म्हणजे काय?

२०११ च्या जनगणनेनुसार बीड जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८५ हजारांच्या घरात आहे आणि साक्षरतेचे प्रमाण सुमारे ७७ टक्के आहे. तथापि अक्षरओळख आणि आरोग्य-साक्षरता या दोन गोष्टी एकच नव्हेत. पदवीधर माणूसही डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या तीन दिवसांत बरे वाटले म्हणून सोडून देतो आणि आजार पुन्हा ओढवून घेतो. उलट, सही करता न येणारी एखादी अनुभवी स्त्री गरोदर सुनेच्या चेहऱ्यावरील सूज पाहून तिला वेळेवर दवाखान्यात पोचविते.

आपल्या शरीरात काय घडत आहे हे समजणे, त्याविषयीची माहिती योग्य ठिकाणाहून मिळविणे, मिळालेल्या माहितीतील खरे-खोटे पारखणे आणि त्या आधारे स्वतःविषयीचा निर्णय घेणे, या चारही गोष्टी आरोग्य-साक्षरतेत येतात. यांपैकी शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची व सर्वांत अवघड आहे. डॉक्टरांसमोर बसलेल्या रुग्णाला “हे कशासाठी?” असा एक साधा प्रश्न विचारता आला, तरी आरोग्य-साक्षरतेची पहिली पायरी त्याने चढली, असे म्हणता येईल. हा प्रश्न विचारला न गेल्यास काय घडू शकते, याचे उदाहरण बीड जिल्ह्यानेच राज्यापुढे ठेवले आहे.

न विचारलेल्या प्रश्नाची किंमत

ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांमध्ये गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रिया मोठ्या प्रमाणावर होत असल्याच्या तक्रारी आल्यावरून राज्य शासनाने २०१९ मध्ये विधान परिषदेच्या उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ स्त्रियांची गर्भाशये काढण्यात आली असल्याचे आढळून आले. म्हणजे शंभरांतील जवळजवळ सतराजणींवर ही शस्त्रक्रिया झालेली होती, आणि त्यांपैकी अनेकजणी चाळिशीच्या आतील होत्या.

असे का घडले असावे? पती आणि पत्नी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो आणि त्या कोयत्याच्या नावे उचल घेतलेली असते. कामावर न गेल्यास खाडा पडतो आणि त्याचा भुर्दंड हिशेबात लागतो. पहाटेच्या अंधारात तोड सुरू होते. मोळ्या बांधून, डोक्यावरून वाहून गाडी भरेपर्यंत रात्र होते. फडाजवळ न्हाणीघर नाही, शौचालय नाही, पुरेसे पाणीही नाही. अशा स्थितीत पाळीच्या दिवसांतील स्वच्छता राखणे दुरापास्त होते, जंतुसंसर्ग होतो, अंगावरून पांढरे जाऊ लागते, ओटीपोट आणि कंबर दुखू लागते. दुखणे अंगावर काढत हंगाम पार पडतो. नंतर दवाखान्यात गेल्यावर “पिशवी खराब झाली आहे, पुढे कर्करोग होईल” असे ऐकावयास मिळाले, म्हणजे घाबरलेली स्त्री शस्त्रक्रियेला तयार होते. पाळीचाच त्रास कायमचा गेला तर खाडाही पडणार नाही, हा विचारही तिच्या मनात असतोच. म्हणजे या शस्त्रक्रियांमागे जसे अज्ञान आहे, तशीच कामाची क्रूर परिस्थितीही आहे, हे विसरून चालणार नाही.

परंतु त्या स्त्रीला काही गोष्टी आधी माहीत असत्या, तर तिने निदान थांबून विचार केला असता. अंगावरून पांढरे जाणे हे संसर्गाचे लक्षण असू शकते व तो संसर्ग औषधोपचाराने बरा होऊ शकतो. कर्करोग आहे की नाही, हे केवळ तक्रार ऐकून ठरविता येत नाही. त्यासाठी तपासणी करावी लागते. गर्भाशयाबरोबर बीजांडकोशही काढले गेल्यास शरीरातील संप्रेरके एकाएकी घटतात, ऐन तारुण्यात रजोनिवृत्तीचे त्रास सुरू होतात आणि हाडे ठिसूळ होऊ लागतात. ज्या पाठीवर मोळी वाहायची, तीच पाठ मग साथ देईनाशी होते. काम बुडू नये म्हणून केलेली शस्त्रक्रिया अशा रीतीने काम करण्याची शक्तीच हिरावून घेते.

या प्रकरणानंतर बीड जिल्ह्यात खासगी रुग्णालयांतील अशा शस्त्रक्रियांपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचा दंडक घालण्यात आला. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२२ मध्ये अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे तयार केली आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सर्व राज्यांनी अमलात आणावीत असा आदेश दिला. नियमांचे हे कुंपण आवश्यकच होते. पण कुंपणाइतकीच, किंबहुना अधिक, आवश्यकता आहे ती त्या स्त्रीच्या स्वतःच्या जाणकारीची.

महाराष्ट्राचाच अनुभव

लोकांना आरोग्यज्ञान दिले तर उपयोग होतो का, याचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जाण्याची गरज नाही. बीडच्या शेजारीच त्याचे दाखले आहेत.

पाटोदा आणि आष्टी तालुक्यांना लागून असलेल्या जामखेड येथे डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावोगावच्या, बहुतांशी निरक्षर स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून शिकविले. चित्रे, गाणी, गोष्टी आणि पुन्हा पुन्हा होणारी चर्चा हीच त्यांची पाठ्यपुस्तके होती. या स्त्रियांनी बाळंतपणे सुखरूप केली, जुलाबाने सुकलेल्या मुलांना मीठ-साखर-पाण्याने वाचविले आणि गावातील अंधश्रद्धांनाही आव्हान दिले. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. लिहिता-वाचता न येणे हा आरोग्य शिकण्यातला अडसर नव्हे, हा जामखेडचा धडा आहे.

दुसरा दाखला बार्शीचा. १९८७ मध्ये येथे देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. नोंदणीबरोबरच गावोगाव कर्करोगाच्या लक्षणांविषयी साध्या भाषेत माहिती देण्यात आली. त्याचा परिणाम असा झाला की, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रुग्ण पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत उपचाराला येऊ लागले. नंतर शेजारच्या तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा समावेश असलेला एक मोठा अभ्यास झाला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारणीभूत ठरणाऱ्या विषाणूची एक वेळ केलेली तपासणीसुद्धा या कर्करोगाने होणारे मृत्यू लक्षणीय प्रमाणात कमी करू शकते, असा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभर गाजला. कर्करोगाच्या भीतीवरील खरा उतारा वेळेवर केलेली तपासणी हा आहे, हे ज्ञान बीडच्या सीमेलगतच सिद्ध झालेले आहे.

तिसरा दाखला गडचिरोलीचा. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी तेथील दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग असल्याचे दिसून आले. पण पूर्वी कधी तपासणी वा उपचार झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. दुखणे होते, पण त्याविषयी बोलण्याची सोय नव्हती. आज हातातील फोन ही बोलण्याची आणि ऐकण्याची एक नवी सोय होऊ शकतो.

फोनवर काय काय मिळते?

आरोग्यविषयक मोबाईल सेवांचे स्थूलमानाने तीन प्रकार पडतात : माहिती सांगणाऱ्या, डॉक्टरांशी गाठ घालून देणाऱ्या आणि रुग्णाची नोंद जपून ठेवणाऱ्या.

पहिल्या प्रकारात ‘किलकारी’ ही केंद्र शासनाची सेवा येते. देशात ती जानेवारी २०१६ मध्ये सुरू झाली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रात तिचा प्रारंभ झाला. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून बाळ एक वर्षाचे होईपर्यंत दर आठवड्याला एक याप्रमाणे ७२ ध्वनिसंदेश मातेच्या नोंदविलेल्या फोनवर मोफत येतात. त्या त्या आठवड्याला जे सांगणे आवश्यक, तेच त्या संदेशात असते : लोहाच्या गोळ्या, धनुर्वाताची लस, धोक्याची लक्षणे, स्तनपान, बाळाचे लसीकरण. यासाठी महागडा स्मार्टफोन लागत नाही, इंटरनेट लागत नाही आणि वाचताही यावे लागत नाही. साधा बटणांचा फोन पुरतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत राज्यातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्ताचे प्रमाण कमी आढळले होते. हे ध्यानी घेता, लोहाच्या गोळीची आठवण करून देणारा एक फोनही लहान गोष्ट ठरत नाही.

दुसऱ्या प्रकारात ‘ई-संजीवनी’ मोडते. रुग्णाने ॲपवर वा संकेतस्थळावर आपला मोबाईल क्रमांक नोंदवावा, फोनवर आलेला सांकेतिक अंक भरावा, माहिती देऊन टोकन घ्यावे, आणि आपली पाळी आली की पडद्यावर डॉक्टरांशी बोलावे. औषधांची चिठ्ठी फोनवरच येते. ज्यांना हे जमत नाही त्यांच्यासाठी आयुष्मान आरोग्य मंदिरात समुदाय आरोग्य अधिकारी स्वतः रुग्णाला तज्ज्ञ डॉक्टरांशी जोडून देतात. स्त्रीरोगतज्ज्ञापर्यंत पोचण्यासाठी एक दिवसाचा खाडा आणि भाड्याचा खर्च सोसावा लागणाऱ्या स्त्रीला या सोयीचे मोल वेगळे सांगावयास नको. मनावरील ताणासाठी ‘टेली-मानस’चा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून उपलब्ध आहे. घरातील कर्त्या माणसाच्या मनाची उलाघाल ओळखून वेळीच हा क्रमांक फिरविणे, हीदेखील आरोग्य-साक्षरताच होय.

तिसऱ्या प्रकारातील सेवा स्थलांतर करणाऱ्यांसाठी विशेष मोलाच्या आहेत. आयुष्मान भारत डिजिटल मिशनखाली सप्टेंबर २०२१ पासून देशभर दिला जाणारा ‘आभा’ हा चौदा अंकी आरोग्य क्रमांक रुग्णाच्या तपासण्या, निदान आणि औषधे यांच्या नोंदी त्याच्या संमतीने एकत्र जोडून ठेवतो. केसपेपर पावसात भिजतो, कोपीत उंदीर कुरतडतात, गाडी भरताना हरवतो. फोनवरील नोंद त्यामानाने टिकते. ‘यू-विन’ या लसीकरण नोंदणीमुळे आष्टीत पहिली लस घेतलेल्या बाळाला पुढची लस अन्य जिल्ह्यात घेता येते व कोणती लस राहिली हे तेथील परिचारिकेला कळते. क्षयरोग्यांसाठी ‘नि-क्षय’ नोंदणी आहे. क्षयाचे उपचार साधारणपणे सहा महिने चालतात, आणि ऊसतोडीचा हंगामही जवळपास तेवढाच असतो. उपचार मध्येच तुटले तर जंतू औषधांना दाद देईनासे होतात. नि-क्षय क्रमांक जवळ असल्यास दुसऱ्या जिल्ह्यातील केंद्रातही उपचार पुढे चालू ठेवता येतात. क्षयरुग्णाच्या पोषणासाठीचे साहाय्य २०१८ पासून दरमहा ५०० रुपये होते. ते नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये करण्यात आले आहे.

अडचणींचा विचार

एवढ्या सोयी असूनही त्या शेवटच्या कोपीपर्यंत पोचतात काय, असा प्रश्न विचारलाच पाहिजे. वर उल्लेखिलेल्या सर्वेक्षणानुसार राज्यातील सुमारे ५५ टक्के स्त्रियांकडे स्वतः वापरावयाचा मोबाईल होता आणि कधीतरी इंटरनेट वापरलेल्या स्त्रियांचे प्रमाण सुमारे ३८ टक्के होते. ग्रामीण भागात ते याहूनही कमी आहे. घरात एकच फोन असेल तर तो बहुधा नवऱ्याच्या खिशात असतो. गरोदर पत्नीसाठी आलेला संदेश पती फडात ऐकतो, किंवा अनोळखी क्रमांक म्हणून तोडून टाकतो. रिचार्ज संपला की सिमकार्ड बदलते आणि नोंदविलेला क्रमांक निरुपयोगी ठरतो. कोपीत विजेची सोय नसते, तेव्हा फोन चार्ज करायला कोठे न्यावा, हाही रोजचाच प्रश्न.

किलकारी सेवेचा मध्य प्रदेशातील काही जिल्ह्यांत शास्त्रशुद्ध अभ्यास झाला. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, संदेश मिळालेल्या कुटुंबांत पाळणा लांबविण्याच्या तात्पुरत्या साधनांचा वापर काही प्रमाणात वाढला. मात्र पहिले सहा महिने केवळ स्तनपान देण्याच्या बाबतीत उल्लेखनीय फरक पडला नाही. यातून घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. जी गोष्ट पती-पत्नी आपसांत ठरवू शकतात, तेथे कानावर पडलेला संदेश उपयोगी पडतो. पण जेथे सासूचा शब्द, घरची रीत आणि कामाची घाई आडवी येते, तेथे केवळ संदेश पुरेसा होत नाही. तेथे समजावून सांगणारे माणूस लागते.

शब्द समजला, तर आजार समजतो

याहून सूक्ष्म अशी आणखी एक अडचण आहे आणि ती भाषेची. अनेक आरोग्य ॲप इंग्रजीतून भाषांतरित होऊन मराठीत येतात. त्यांत ‘श्वेतप्रदर’, ‘रक्तक्षय’, ‘गर्भाशयभ्रंश’ असे शब्द असतात. ते अचूक आहेत, परंतु बीडच्या खेड्यातील स्त्री आपली तक्रार या शब्दांत सांगत नाही. ती ‘अंगावरून पांढरं जातंय’ म्हणते, ‘अंगात रक्त नाही’ म्हणते, ‘अंग बाहेर येतंय’ म्हणते. गर्भाशयाला ती ‘पिशवी’ म्हणते. विचारणाऱ्या ॲपचा शब्द आणि सोसणाऱ्या स्त्रीचा शब्द यांची गाठ पडली नाही, तर उत्तर ‘नाही’ असेच येणार. दुखणे असूनही नोंद मात्र निरोगी म्हणून व्हायची!

‘पिशवी’ या शब्दाचेच पाहा. पिशवी म्हणजे सामान ठेवण्याची वस्तू. मुले झाली, आता तिचा काय उपयोग, अशी समजूत या शब्दातूनच नकळत घट्ट होते. म्हणून तिच्याच ओळखीच्या शब्दापासून प्रारंभ करून, हा अवयव शरीरात काय काम करतो, त्याच्याशेजारचे बीजांडकोश कशासाठी असतात आणि ते गेल्यास काय होते, हे तिला उमगेल असे सांगितले पाहिजे. आरोग्यविषयक ध्वनिफिती आणि चित्रफिती तयार करताना मराठवाड्यातील बोलीचा, तेथील स्त्रीच्या आवाजाचा आणि फडातील जीवनाच्या उदाहरणांचा उपयोग करण्यात आला, तर त्यांची परिणामकारकता निश्चित वाढेल.

आशा ताई आणि फोन यांची जोडी

जामखेडच्या चित्रतक्त्यांनी जे काम एके काळी केले, ते आता फोनचा पडदा करू शकतो. पण चित्रतक्त्याशेजारी त्या वेळी गावची आरोग्यसेविका बसलेली होती. आज ती जागा आशा ताईंची आहे. आशा कार्यकर्तींसाठीही ‘मोबाईल अकादमी’ हा फोनवरून ऐकावयाचा अभ्यासक्रम उपलब्ध आहे. एकूण सुमारे चार तासांचा हा अभ्यासक्रम सवडीने, तुकड्या-तुकड्यांनी ऐकता येतो व प्रश्नोत्तरांत उत्तीर्ण झाल्यावर प्रमाणपत्र मिळते.

बीड जिल्ह्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा काळ म्हणजे टोळ्या निघण्यापूर्वीचे पंधरा दिवस. या काळात आशा ताई, अंगणवाडी सेविका आणि आरोग्यसेविका यांनी प्रत्येक बिऱ्हाडाला भेटून पुढील गोष्टी करून घेतल्यास फार मोठे काम होईल :

१. कुटुंबातील प्रत्येकाचा आभा क्रमांक काढून तो कागदावर लिहून द्यावा व फोनमध्ये साठवून द्यावा.

२. गरोदर मातेच्या नावे जो क्रमांक नोंदविलेला आहे तो चालू आहे काय, याची खातरजमा करावी. सिमकार्ड बदलल्यास नवा क्रमांक कळविण्यास सांगावे.

३. बाळाच्या राहिलेल्या लसींच्या तारखा समजावून द्याव्यात.

४. क्षय, रक्तदाब वा मधुमेह असलेल्या रुग्णाला औषधे पुरेशी द्यावीत आणि कारखान्याजवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र कोणते, हे सांगावे.

५. फोनमध्ये गावच्या आशा ताईंचा आणि १०८ या रुग्णवाहिकेचा क्रमांक नावानिशी, शक्य तर चित्रासह, साठवून द्यावा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना चित्रावरून क्रमांक ओळखता येतो.

६. तीस वर्षांवरील स्त्रियांची गर्भाशयमुखाची, स्तनांची, रक्तदाबाची व साखरेची तपासणी निघण्यापूर्वीच उरकून घ्यावी. तपासणी निर्दोष निघाल्याचे ज्या स्त्रीला ठाऊक आहे, तिला कर्करोगाची भीती घालणे सोपे राहत नाही.

टोळीत दहा-वीस कोयते असतात. त्यांतील एखादी थोडीफार शिकलेली, बोलकी स्त्री पुढे आली आणि रात्रीच्या जेवणानंतर कोप्यांच्या मधल्या जागेत पाच-सातजणींनी मिळून आठवड्याचा संदेश ऐकला, तर एका फोनचा उपयोग अनेकींना होतो. ऐकून झाल्यावर “आपल्यात असं कोणाला होतं का?” एवढाच प्रश्न तिने विचारावा. ज्या दुखण्याविषयी कोणी बोलत नव्हते, त्याविषयी बोलणे तेथे सुरू होईल.

काही सावधगिरीच्या सूचना

फोन हे दुधारी साधन आहे, याचाही विसर पडू नये. ज्या पडद्यावर उपयुक्त माहिती येते, त्याच पडद्यावर ‘एका मुळीने साखर कायमची जाते’ किंवा ‘लसीने मूल होत नाही’ असे खोटे संदेशही येतात. संदेश कोणी पाठविला, त्यात काही विकत घेण्यास सांगितले आहे काय आणि चालू औषध बंद करण्यास सांगितले आहे काय, हे तीन प्रश्न प्रत्येक वेळी स्वतःला विचारावेत. चालू औषध बंद करावयाचे की नाही, हे केवळ डॉक्टरच सांगू शकतात.

ॲप नेहमी अधिकृत ठिकाणाहूनच घ्यावे. फोनवर आलेला सांकेतिक अंक, बँकेचा तपशील आणि आधारची छायाप्रत अनोळखी माणसाच्या हाती देऊ नये. आरोग्याची नोंद ही रुग्णाची खासगी बाब आहे. ती त्याच्या संमतीवाचून इतरांना, मुकादमालाही, दाखविली जाऊ नये. एखाद्या स्त्रीच्या पाळीची वा गरोदरपणाची नोंद तिच्या रोजगाराच्या आड आली, तर या सोयींवरील विश्वासच उडेल. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यामागेही संमतीचे हेच तत्त्व आहे.

आणि फोन हा दवाखान्याला पर्याय नव्हे. गरोदरपणात रक्तस्राव, हातापायांवर व चेहऱ्यावर सूज, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, झटके, बाळाची हालचाल मंदावणे. तसेच पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त जाणे, दोन पाळ्यांच्या मध्ये वा शरीरसंबंधानंतर रक्त जाणे, यांपैकी काहीही दिसल्यास ॲप उघडून पाहत न बसता तातडीने डॉक्टरांकडे जावे. प्रसंग आणीबाणीचा असल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी.

पाच प्रश्न

शस्त्रक्रियेचा सल्ला मिळालेल्या प्रत्येक रुग्णाने, विशेषतः गर्भाशय काढण्याचा सल्ला मिळालेल्या स्त्रीने, डॉक्टरांना पुढील पाच प्रश्न अवश्य विचारावेत. ते फोनमध्ये आपल्याच आवाजात ध्वनिमुद्रित करून ठेवता येतील, म्हणजे ऐन वेळी विसर पडणार नाही :

मला नेमका कोणता आजार आहे? तो कोणत्या तपासणीवरून ठरला? औषधांनी बरा होण्याचा मार्ग आहे काय? शस्त्रक्रिया लगेच न केल्यास काय होईल? आणि शस्त्रक्रियेनंतर माझ्या शरीरावर व कामावर काय परिणाम होतील?

समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत सही वा अंगठा देण्याची घाई करू नये. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेणे हा रुग्णाचा अधिकार आहे. त्यासाठी बीडचे जिल्हा रुग्णालय आहे, अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि दूर फडावर असताना ई-संजीवनीही आहे. चांगला डॉक्टर अशा प्रश्नांनी रागावत नाही. उलट जाणत्या रुग्णावर उपचार करणे त्यालाही सुकर होते.

फडावर न्हाणीघर, शौचालय व शुद्ध पाणी उपलब्ध करून देणे, आजारपणातील खाड्याचा भुर्दंड थांबविणे आणि गावातच रोजगार निर्माण करणे ही कामे कोणतेही ॲप करू शकणार नाही. ती शासनाची, कारखान्यांची आणि समाजाची जबाबदारी आहे व राहील. पण जिला आपल्या शरीराची माहिती आहे आणि आपला हक्क ठाऊक आहे, ती स्त्री आजाराविषयी प्रश्न विचारता विचारता उद्या फडावरच्या पाण्याविषयीही विचारील. पुढच्या हंगामात टोळ्या निघतील तेव्हा बिऱ्हाडाच्या सामानात फोन असणारच आहे. त्या फोनमध्ये हे पाच प्रश्न आणि आशा ताईंचा क्रमांक घालून देण्याचे काम मात्र गाडी निघण्यापूर्वीच झाले पाहिजे.